खोडावरचा बहर

भावजयीच्या झाडाला नऊ वर्षांनी पहिला बहर आला आणि तो मी सोड्याच्या पाण्याने घासून काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे बोलताना स्वतःची बाजू घ्यायचा मोह होणार नाही.

मी एकतीस वर्षं रुग्णालयात वॉर्डची मुख्य सिस्टर होते. खाटेखाली धुळीचा कण दिसला तर मला घास गिळवत नसे. निवृत्त झाले तेव्हा धाकट्या भावाने हट्टच धरला, "ताई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये." मी दोन बॅगा आणि एक बादली घेऊन आले. बादली कशाला, असं त्याने विचारलं. म्हटलं, तुमच्याकडची बघितली आहे मी.

घर लांबट आहे. रस्त्याकडची खोली म्हणजे भावजयीचं दुकान, मग दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे तीन बाजूंनी भिंती असलेलं छोटं अंगण. भावजय शिवणयंत्रं दुरुस्त करते. वडिलांच्या हाताखाली शिकली. अख्खी गल्ली तिला मशीनताई म्हणते. यंत्राचं चाक हाताने सावकाश फिरवायचं, मान कलती करून ऐकायचं आणि सांगायचं, "हूक अर्धा केस पुढे सरकलाय." तो सरकलेला असतोच. माझा भाऊ बस डेपोत वेळापत्रक सांभाळतो आणि घरी कुठलीच वेळ पाळत नाही. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी असते.

अंगणाच्या मधोमध ते झाड होतं. माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच. बुंध्यापासूनच चार-पाच खोडं फुटलेली, प्रत्येक मनगटाएवढं, आणि पानं बारीक, चकचकीत. "कसलं गं हे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"जाबुटिकाबा," भावजय म्हणाली.

"जबाबदारी म्हण," भाऊ आतून ओरडला. "मला कधी नीट म्हणता आलं नाही, आणि तसंही हेच नाव बरोबर आहे."

त्या झाडाची कथा मला भावाने तुकड्यातुकड्याने सांगितली. दहा वर्षांपूर्वी जहाजाची शिडं आणि ताडपत्र्या शिवणारा एक म्हातारा कारागीर आपलं जाडजूड यंत्र घेऊन दुकानात आला होता. भावजय ते उघडून बसली असताना त्याने रुमालातून काळी, बोराएवढी फळं काढली. बोटीवरच्या कुणीतरी आदल्या दिवशी झाडावरून उतरवून त्याला दिली होती. भावजयीने एक तोंडात टाकलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. भाऊ म्हणतो, काम अर्धवट टाकून तिने हत्यार खाली ठेवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे कुठे मिळतं?" तिने विचारलं.

"दुकानात नाही मिळायचं," कारागीर म्हणाला. "तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत आंबतं. खायचं तर झाड दारात पाहिजे. बी लावलं तर आठ-दहा वर्षं धरून चाला."

दुसऱ्या कुणी मान हलवून विषय सोडला असता. तिने चार बिया पुसून बॉबिनच्या डबीत ठेवल्या आणि संध्याकाळी मातीत टोचल्या. महिनाभराने दोन उगवल्या. एक मांजराने लोळून मोडली. उरली ती ही.

दुसऱ्या वर्षी रोप पिवळं पडलं. शिरा हिरव्या आणि मधलं पान फिकट. रोपवाटिकेच्या मालकाने एक पान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "ताई, हे इकडचं झाड नाही. आपल्याकडे नाही व्हायचं. काढा आणि तिथे शोभेचं काहीतरी लावा." भावजय ऐकून घेऊन परत आली. त्याच आठवड्यात तिच्याकडे वाफेची इस्त्री दुरुस्तीला आली होती. ती उघडली तर आत पांढऱ्या क्षाराचा थर. तिने तो नखाने खरवडला, अंगणात जाऊन कुंडीच्या काठाकडे पाहिलं, तर तिथेही तोच थर. म्हणजे नळाचं पाणीच जड. इस्त्री ज्याने तुंबते त्याने झाडाचंही तोंड बंद होणारच, असा तिने हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता.

त्या दिवसापासून झाडाला नळाचं पाणी बंद. पावसाचं पाणी छपराच्या पन्हाळीतून तीन पिंपांत साठायचं. ते संपलं की दोन घरं पलीकडच्या दातांच्या डॉक्टरांकडचं. त्यांच्या एसीची नळी मागच्या बोळात ठिबकत असते. त्या पाण्यात क्षार नसतात. भावजय तिथे कॅन लावून ठेवायची आणि रोज जाऊन उचलून आणायची. लोक हसले. डॉक्टरही हसले, पण त्यांनी नळीला पुढे एक वाकडा जोड बसवून दिला, म्हणजे पाणी नेमकं कॅनमध्ये पडेल. रोप हळूहळू हिरवं झालं आणि कुंडीतून जमिनीत गेलं. सात वर्षं ती बाई पाणी वाहत होती आणि झाडाने तिला एक कळीसुद्धा दाखवली नव्हती.

मी राहायला आल्याला चार महिने झाले असतील. एका कपड्यांच्या कारखान्यातली बारा यंत्रं एकदम अडली, म्हणून भावजय तीन दिवसांसाठी परगावी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला गेले आणि झाडाकडे पाहून माझ्या अंगावर काटाच आला. खोडांवर, अगदी बुंध्यापासून वरपर्यंत, पांढरे पुंजके. कापसासारखे, केसाळ. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो ना, थेट तसे. फुलं फांदीच्या टोकाला येतात, एवढंच मला ठाऊक. खोडाला फुटलेलं पांढरं म्हणजे कीड, नाहीतर बुरशी.

भाऊ डेपोला निघाला होता. त्याला हाक मारून दाखवलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "हे काल नव्हतं."

"तिला फोन करू?"

"ती यंत्राच्या खाली झोपून काम करत असेल. फोन कुठे उचलते? तुला कळतं ना त्यातलं, बघ काय ते."

मला कळतं! एकतीस वर्षं जंतूंशी झगडलेली बाई मी. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, तारेची घासणी घेतली आणि दीड तास एकेक खोड वरपासून खालपर्यंत घासलं. पांढरं सगळं निघालं, खालची सालही जागोजागी सोलली. उरलेली बादली बुंध्याशी ओतली, म्हणजे मुळाशी लपलेलंही मरेल. काम झाल्यावर कंबर धरून उभी राहिले आणि मला खरंच समाधान वाटलं. हे मी मुद्दाम सांगते.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजय आली. पिशवी ओट्यावर ठेवून नेहमीप्रमाणे आधी अंगणात गेली. मी चहा टाकत होते. गाळणी हातात घेऊन तिला हाक मारायला डोकावले. ती खोडाजवळ उकिडवी बसली होती. एका बेचक्यात माझी घासणी पोचली नव्हती, तिथे एक पुंजका राहिला होता. त्याला बोट न लावता ती नुसती बघत होती.

"कीड पडली होती गं," मी म्हटलं. "सगळी काढली मी. तेवढी एक राहिली वाटतं."

तिने मान वर केली. "वन्सं, ही फुलं आहेत. ह्याला खोडालाच फुलं येतात. फळंही खोडालाच लागतात."

माझ्या हातातली गाळणी खाली पडली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ओली माती उचलून चिमटीत चोळली, नाकाशी नेली.

"कशाने धुतलंत?"

"सोड्याने."

"किती?"

"दोन मुठी. आणि बादली मुळाशी ओतली."

तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. फुलं गेली ती गेली, पण मुळाशी सोडा म्हणजे झाडच जाण्याची वेळ. नळाचं जड पाणी जिथे सोसत नाही तिथे दोन मुठी सोडा! मी पदराने तोंड झाकून रडायला लागले.

"वन्सं, रडायचं नंतर," ती म्हणाली. "आधी ही वरची माती काढायला लागा. हातानेच काढा, खुरपं लावू नका. मुळं वरवरच असतात."

प्रवासाची साडी न बदलता ती बसली आणि मीही शेजारी बसले. दोघींनी चार-चार बोटं माती खरवडून घमेल्यात भरली आणि बाहेर नेऊन टाकली. तांबूस, केसांसारखी बारीक मुळं उघडी पडत होती. मग पिंपातलं पावसाचं पाणी. दीड पिंप उरलं होतं, ते तिने सगळं ओतलं, थोडं थोडं करत. खाली झिरपू द्यायचं, पुन्हा ओतायचं. भाऊ आला तेव्हा आम्ही दोघी कोपरापर्यंत चिखलात होतो. त्याला कळल्यावर तो म्हणाला, "चला, एक बरं झालं, जबाबदारी कमी झाली." कुणी हसलं नाही. त्याने बूट काढले आणि गुपचूप पानांचं खत गाळायला बसला.

आठ दिवसांत पानं गळायला लागली. रोज सकाळी खाली सडा. एका सकाळी मी सगळी झाडून सुपात भरली आणि ते सूप मला उचलवेना. त्या दुपारी मी माझ्या दोन्ही बॅगा भरल्या. मावसबहिणीला फोन करून, थोडे दिवस येते, असं कळवलं. भावजय दुकानात एका यंत्राला तेल घालत होती. मी दारात उभी राहून म्हटलं, "मी जाते गं. मला इथे तोंड दाखवायला जागा नाही."

तिने तेलाची डबी बाजूला ठेवली. "गेलात तर पाणी कोण आणणार?"

"म्हणजे?"

"पिंपं रिकामी आहेत. पाऊस अजून तीन महिने नाही. डॉक्टरांकडचं पाणी आता दिवसातून दोनदा आणावं लागेल. मला दुकान सोडून जमायचं नाही आणि तुमच्या भावाचं तुम्हाला माहीतच आहे." मग तिचा आवाज जरा चढला. "मला राग आलाय वन्सं, खूप आलाय. अजून चार-सहा महिने राहील. पण म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. बॅगा आत ठेवा."

मी बॅगा आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याला लागले. माझा डावा गुडघा कुरकुरतो. भरलेला कॅन घेऊन मागच्या बोळातल्या सहा पायऱ्या चढायच्या म्हणजे प्रत्येक पायरीला त्याची परवानगी घ्यावी लागे. सकाळी एक खेप, दुपारी एक. डॉक्टर खिडकीतून विचारायचे, "सिस्टर, पेशंट कसा आहे?" आणि मी रोजचा अहवाल द्यायचे. वॉर्डातल्यासारखा तक्ताच करून मी स्वयंपाकघराच्या दाराला लावला होता. किती पानं गळली, साल कुठे सुकली, माती किती ओली. भावजय जाता-येता तो वाचायची. पहिल्या महिन्यात ती माझ्याशी कामापुरतं बोलली. "आज अर्धा कॅन जास्त." "फांदीला हात लावू नका." एवढंच. मीही तेवढ्याच लायकीची होते. पण एक दिवस तक्त्याच्या खाली तिच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं, "गुडघ्याला शेक."

शेवटी झाडावर मोजून एकवीस पानं राहिली. भाऊ म्हणाला, "आता सोडून द्या गं. नवीन रोप कुठूनतरी मागवू, मी मागवतो." भावजय म्हणाली, "खोड नखाने टोकरलं की आत हिरवं आहे. आत हिरवं आहे तोवर मी सोडत नाही." आणि खरं सांगायचं तर तोवर मीही सोडायला तयार नव्हते. तिच्यासाठी म्हणून सुरू केलं होतं, पण आता ते झाड आणि मी अशी सरळ जुंपली होती. वॉर्डात अशी एखादी खाट असायची. डॉक्टर मान हलवून गेले तरी आपण उशी नीट करत राहायचं.

तिसऱ्या महिन्यात वाळलेली साल आपोआप पापुद्र्यांनी सुटली आणि खाली नवी, गुळगुळीत, बदामी साल निघाली. भावजय म्हणाली, ह्या झाडाची सालच अशी, टाकत राहतं. मग एका सकाळी फांदीच्या टोकाला गुलाबी काहीतरी दिसलं. मी तिला हाक मारली. हात मात्र मागे बांधून ठेवले होते, शप्पथ. "पालवी," ती म्हणाली. "नवी पानं गुलाबीच येतात." आणि मग माझ्याकडे बघून ती हसली. तीन महिन्यांनी.

पाऊस आला, पिंपं भरली, झाड भरलं. पाऊस संपल्यावर महिन्याभराने, मी सकाळचं पाणी घालत असताना, खोडावर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. एक, दोन, पाच. मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून पळत दुकानात गेले. गुडघ्याचं भानच राहिलं नाही.

"आले!" एवढंच बोलले.

भावजय गिऱ्हाइकाला तसंच सोडून आली. दोघी खाली बसून बघत राहिलो. दोन दिवसांत ते फुलले. पांढरे, केसाळ पुंजके, अगदी माझ्या त्या किडीसारखे. जवळ गेलं की मंद गोड वास. मी तेव्हा वास घेतला असता तर? पण फिनेलच्या वासात आयुष्य गेलेलं माझं नाक.

फुलं गळली आणि हिरवे मणी राहिले. आता पाखरांची भीती. भावजयीने जुन्या मच्छरदाणीच्या नळ्या शिवल्या, प्रत्येक खोडाला एक, आणि प्रत्येकीला चेन लावली. "झाडाला झबली शिवणारी तूच," भाऊ म्हणाला, आणि ह्या वेळी आम्ही हसलो. मणी फुगले, तांबूस झाले, मग जांभळे, मग काळे. एकूण त्रेसष्ट. खोडाला थेट चिकटलेले, देठ जवळजवळ नाहीच. पार्सल द्यायला आलेल्या माणसाने अंगणात डोकावून विचारलं, "झाडाला फोड आलेत का हो?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो सही न घेताच गेला.

सगळी काळी झाली त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं झाडाशी उभे राहिलो. भावजयीने एक चेन उघडली, एक फळ पिरगाळून काढलं, दाताने फोडलं आणि आतला पांढरा गर ओढून घेतला. भाऊ आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने साल हातात घेतली, बी काढली, कपाळाला आठी घातली.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"आंबट आहे."

"म्हणजे असंच असतं का ते?"

"नाही. मला आठवतंय, असं नव्हतं." तिने दुसऱ्या खोडावरचं एक तोडून खाल्लं. भावाचा हात तोवर वर गेला होता. तिने तो धरला. "थांबा. घाई झाली. काळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. अजून चार दिवस जाऊ देत."

"अगं, दहा वर्षं झाली!" भाऊ कळवळून म्हणाला.

"म्हणूनच." तिने चेन सर्रकन वर ओढली.

ते चार दिवस तिने दुकानातलं काम दुप्पट केलं आणि मी घरातली सगळी भांडी दोनदा घासली. भाऊ येता-जाता जाळीवरून फळं बोटाने दाबून बघायचा आणि ओरडा खायचा. दुसऱ्या दिवशी एक फळ आपोआप गळून जाळीत पडलं. त्याला तिने उचलून कानाशी हलवलं, बोटांत दाबलं, किंचित मऊ लागलं तशी मान हलवली आणि ते न खाता तक्त्याखाली वाटीत ठेवून दिलं, नमुना म्हणून. आंबायला किती दिवस लागतात तेही तिला एकदा बघायचं होतं.

गुरुवारी सकाळी तिने पुन्हा चेन उघडली. काळ्या सालीवर आता बारीक चमक आली होती आणि बोटाला फळ दबत होतं. तिने एक तोंडात टाकलं. डोळे मिटले. तिने दुसरं काढलं. मग तिसरं. भाऊ म्हणाला, "अगं, सांग तरी." तिने हाताने थांब म्हणून खूण केली आणि चौथं तोडलं. मी मोजत होते. झाडाला टेकून, ओठ जांभळे करत, बिया मुठीत गोळा करत, तिने ओळीने अकरा फळं खाल्ली आणि आम्हाला एक दिलं नाही. आणि मला वाटलं, हे बरोबर आहे. कुणी मध्ये बोलू नये.

मग तिने डोळे उघडले. "घ्या आता."

मी एक तोडलं. साल जाड, दातांखाली टचकन फुटली, किंचित तुरट. आणि आतून तो गर असा आला, थंड, मधासारखा गोड, पण मागून हलकी आंबट चव घेऊन, की मी पुढचं फळ शोधायला लागले तेव्हा पहिल्याची बी अजून तोंडातच होती. भावाने तर हात न लावता खोडावरूनच तोंडाने ओढून खाल्लं. त्याच्या कामाच्या सदऱ्यावर जांभळे ओघळ गेले आणि डेपोची वेळ टळून गेली.

दुकानाची कडी वाजली. कुणीतरी हाक मारली, "मशीनताई, आहात का? कधीचा उभा आहे."

भावजय जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने बुंध्याजवळचं एक फळ तोडलं, ते माझ्या हातावर ठेवलं, दुसरं स्वतःसाठी घेतलं आणि दाराच्या दिशेने मान वळवून खणखणीत आवाजात म्हणाली, "आज दुकान उशिरा उघडेल!"